शिवणाचा डबा आवरला तरी चार दिवसांत पुन्हा गोंधळ का होतो

"ताई, रविवारी सगळा डबा उपसून आवरला. बुधवारी उघडला तर पुन्हा तसाच." दर बॅचला हे एकदा तरी कानावर येतंच. मी मंगळवारी लातूरहून एसटीनं रेणापूरच्या बाजूला एका गावात बचत गटाच्या बायकांना ब्लाउज शिकवायला जाते, बाकीचे दिवस घरीच शिवते. तक्रार करणाऱ्या बाईला वाटतं, आपणच आळशी. मलाही चार-पाच वर्षं तसंच वाटायचं. आता माझं मत वेगळं आहे. आळस असेल तर पसारा हळूहळू वाढतो. आवरलेला डबा नुसता नेऊन आणला तरी विस्कटत असेल, तर खोट डब्यात आहे आणि ती शोधता येते.

मला ती सापडली एका लग्नघरी. नवरीच्या ब्लाउजचा वरचा हुक ऐन हळदीच्या गडबडीत तुटला. मी डबा उघडला आणि आतून एकच गोळा वर आला: काळा दोरा, त्यात अडकलेले तीन हुक, एक टिचबटणाची मादी, दोन टाचण्या आणि मधे कुठंतरी सुई. सुई मला बोटानंच सापडली. ऑफव्हाइट सिल्कवर रक्ताचा ठिपका पडला. (तो लगेच थंड पाण्यानं निघतो. गरम पाणी लावायचं नाही, डाग पक्का बसतो.) बरं, डबा मी आदल्या रात्रीच आवरला होता. रात्री आवरलेल्या डब्यात माझा हात लागलाच नव्हता, तरी हा गुंता. मग केला कोणी? एसटीनं केला. लातूर ते लग्नाचं गाव, तासाभराचे धक्के.

आधी कणकेची गोळी

तुमच्या डब्यात खण असतील, तरीही माल इकडचा तिकडं होत असेल, तर सगळ्यात आधी खणाची भिंत आणि झाकण यांच्यातली फट मोजा. पट्टी आत जात नाही, म्हणून मी कणकेच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या करते. खणाच्या भिंतींवर सहा-सात ठिकाणी त्या ठेवायच्या, झाकण नीट दाबून लावायचं, पुन्हा उघडायचं. गोळी चपटी होऊन जेवढी जाड राहिली तेवढी फट. एखादी गोळी चपटीच झाली नाही, तर तिथं काय हाल असतील ते वेगळं सांगायला नको.

माझ्या तेव्हाच्या प्लास्टिकच्या डब्यात कडेला 2 मिमी फट निघाली आणि मधोमध 5 मिमी, कारण झाकणाला वरच्या बाजूला फुगवटा होता. शर्टाचं बटण 2-3 मिमी जाड. ब्लाउजचा हुक त्याहून पातळ. हातसुई तर 1 मिमीसुद्धा नाही. म्हणजे मधल्या खणातून सगळंच आरामात शेजारी जात होतं. दुकानातून विकत आणलेल्या बऱ्याच खणांच्या डब्यांचं दुखणं हेच असतं. फळीवर ठेवून दिले तर छान, पिशवीत घातले की बोंबललं.

फट पातळ करत करत 1 मिमीवर आणली तरी सुई जाणारच. फट शून्यच पाहिजे, आणि शून्य नुसत्या कडक झाकणानं होत नाही.

आधीचे दोन फसलेले डबे

इथं माझ्या दोन चुका सांगते, कारण बहुतेक जणी याच वाटेनं जातात.

पहिला होता बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा, 20 सेंटिमीटर व्यासाचा. मी त्याची हुबेहूब गंजगोलाई केली. लातूरच्या गंजगोलाईला मधोमध देवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी 16 रस्ते. मी मधे वाटी ठेवली आणि भोवती पुठ्ठ्याचे आठ रस्ते काढले. दिसायला इतकं देखणं की शेजारणीनं फोटो काढून नेला. वापरायला घेतल्यावर कळलं, रस्ता देवळापाशी निमुळता होतो. त्या चिंचोळ्या टोकाला हुक जाऊन बसतात आणि तिथं दोन बोटं शिरत नाहीत. रिळं गोल भिंतीला टेकून तिरकी होतात. शिवाय जागेचा हिशेब बघा: 20 सेंमीच्या गोल डब्याचा तळ 314 चौरस सेंमी, आणि 20 सेंमी बाजूच्या चौकोनी डब्याचा 400. पिशवीत आणि फळीवर दोघं जागा सारखीच अडवतात. गोल डब्यात पाचवा हिस्सा न वापरताच जातो. गोल डबा करंज्यांना बरा.

दुसरा होता आयताकृती, आत सनबोर्डच्या (फोमसारख्या हलक्या, कडक पुठ्ठ्याच्या) भिंती ग्लू गननं चिकटवलेल्या. हा डबा दिवाळीपासून होळीपर्यंत व्यवस्थित चालला. पुढं उन्हाळा आला. आमच्याकडं आता माळवदाची घरं कमीच राहिली, वर पत्रे आलेत. मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेला डबा हाताला चटका देतो. ग्लू गनचा डिंक उष्णतेनं वितळवून लावलेला असतो, तो उष्णतेनंच पुन्हा मऊ पडतो. एकेक भिंत अशी आडवी झाली की जणू दुपारची झोप काढतेय. त्याच डब्यात मी रिळांना रबरबँड लावले होते. तेही उन्हानं चिकट होऊन दोऱ्यात रुतले, वरचा दोनेक मीटर दोरा कापून टाकावा लागला. आपल्याकडच्या डब्यात ग्लू गन आणि रबरबँड, दोन्ही नकोत.

तिखटमिठाच्या डब्याचं गुपित

मी वैतागून फरशीवर हुक वेचत बसले होते. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, भाकरी थापता थापता विचारलं, "काय शोधायलीस गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या तिखटमिठाच्या डब्यात कधी हळद जिऱ्यात गेली का? आणि मी तर तो शेतात नेते, बैलगाडीत."

खरंच जात नाही. मी उठून तो डबा उघडला. स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या. वाट्यांना स्वतःची झाकणं नाहीत. पण वरच्या मोठ्या झाकणाच्या आत आणखी एक सपाट ताटली असते, ती वाट्यांच्या काठांवर थेट टेकते. वरचं झाकण लावलं की ताटलीवर दाब येतो, ताटलीचा वाट्यांवर. फटच नाही. इतकी वर्षं दिवसातून दोनदा मी ती ताटली काढून बाजूला ठेवत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तेव्हा दुरुस्ती अशी: बाहेरचं झाकण कितीही वाकडं, फुगीर असू द्या, आत खणांच्या भिंतींवर टेकणारं एक दुसरं सपाट झाकण हवं. आणि त्या दोन झाकणांच्या मधे दाबलं जाईल असं काहीतरी मऊ. फोम चालतो, पण मी घोंगडीचा तुकडा घातला. कारण पुढं सुयांच्या ठिकाणी येतंय.

नवा डबा करायचा नसेल, तर आहे त्या डब्यात एवढा एकच बदल करून बघा. जुन्या डब्याच्या मापाचा सनबोर्ड कापायचा, त्यावर घोंगडी नाहीतर जुन्या ब्लँकेटचा तुकडा, वर झाकण. मग डबा कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली नाही तर काम झालं. भिंतींच्या उंचीत फरक असेल, तर मात्र आतलं झाकण उंच भिंतींवरच टेकेल आणि बुटक्या भिंतीखाली फट राहीलच. पुन्हा कणकेची गोळी घ्या, उंच भिंत ब्लेडनं तासा.

नवा डबा करायचा तर मापं

माप आतून घ्यायचं आणि तळाशी घ्यायचं. प्लास्टिकचे डबे साच्यातून सुटावेत म्हणून तळाला थोडे निमुळते असतात. वरून 22 सेंमी भरलेला डबा खाली 21.4 निघतो. मी वरच्या मापानं भिंती कापल्या, त्या आत जाऊन कमानीसारख्या वाकल्या.

माझ्या सध्याच्या डब्याचा तळ आतून 220 × 140 मिमी आहे, आतली उंची 63. हिशेब असा लावला: तळात रिळं आडवी, त्यांना 30 मिमी. त्यावर उचलून काढायचा ट्रे, त्याचा तळ 3 आणि आतली खोली 24. त्यावर आतलं झाकण 3 मिमी. त्यावर घोंगडी 4. बेरीज 64 येते आणि डबा 63चा आहे. ही चूक नाही. तो जास्तीचा 1 मिमीच दाब देतो. 2 मिमी केलात तर झाकण बसताना कुरकुरतं आणि कधीतरी कडेची खिट्टी तुटते.

खालच्या भिंती बरोबर 30 मिमीच्या ठेवल्या की ट्रेचा तळच खालच्या खणांचं झाकण होतो. म्हणजे ताटलीची युक्ती दोनदा वापरली. माझी रिळं 60 मिमी लांब, 28 मिमी जाड. एका रांगेत सात, दोन रांगा, अशी चौदा मावतात. खेटून बसल्यामुळं घरंगळत नाहीत. टोकाच्या आणि कडेच्या बोळात चेन, इलास्टिक, नाडी ओवायची पिन. तुमची रिळं मोठी असतील तर आकडे बदला, रीत तीच.

भिंती चिकटवायच्या नाहीत, एकमेकींत अडकवायच्या. जिथं दोन भिंती एकमेकींना छेदतात तिथं एकीला वरून निम्म्या उंचीपर्यंत खाच, दुसरीला खालून निम्मी. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच, तीही किंचित कमी, म्हणजे घट्ट बसते. नांगराच्या फाळासारखी रुंद खाच पाडली तर भिंत डुलते आणि मग आपण पुन्हा ग्लू गनकडं वळतो. अशा सुट्ट्या भिंतींचा फायदा हा की खण मनासारखे झाले नाहीत तर काढून पुन्हा करता येतात. माझे तीनदा झाले. (खण म्हटलं की आमच्या वर्गात निम्म्या जणींच्या डोळ्यांपुढं चोळीचा खण येतो. इथं कप्पा समजा.)

लहान कप्प्यांना सनबोर्ड वापरू नका. चार भिंती तीन-तीन मिमीच्या म्हणजे 12 मिमी गेले, तेवढ्यात एक बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी चकरी) मावतं. लग्नपत्रिकेचा जाड कागद दुहेरी करून लावला तरी पुरतो. लग्नसराईनंतर कोणाच्या घरी पत्रिकांची कमी असते?

वस्तू आहे, पण उचलता येत नाही

हेही वारंवार होणारं दुखणं. कप्प्याच्या कोपऱ्यात हुक किंवा टिचबटण चपटं पडलं की नखानं खरवडत बसावं लागतं. मग आपण डबाच उपडा करतो, आणि झालं. याला दोन उपाय. हुक-बटणांचा कप्पा 30 मिमीपेक्षा अरुंद करायचा नाही, अंगठा आणि बोट दोन्ही आत गेली पाहिजेत. दुसरं म्हणजे कप्प्याचा तळ पन्हाळीसारखा करायचा. घरात जुना एक्स-रे असतोच कुणाचा तरी. त्या फिल्मची पट्टी कापून कमान उलटी करून कप्प्यात दाबून बसवा. बटण बोटानं लोटलं की वळणावरून आपोआप वर येतं.

बटणांसाठी मोठा कप्पा लागत नाही. दुकानात बटणाचा नंबर सांगतात तो 'लाईन'चा असतो, 40 लाईन म्हणजे 1 इंच. शर्टाचं 18 नंबर म्हणजे साधारण 11.5 मिमी. त्यातली दोन-तीन डझन एका छोट्या कप्प्यात बसतात. जास्तीची घरी ठेवा, डब्यात गोदाम नको.

दोऱ्यांचा गुंता

रिळाला खाच असते, तिच्यात टोक अडकवलं की प्रश्न मिटतो. खरा उच्छाद बॉबिनचा. दहा बॉबिन एका कप्प्यात टाका, दुसऱ्या दिवशी त्यांचं एक कुटुंब झालेलं असतं.

त्यांना उभं करायचं. माझ्या मशीनचं बॉबिन जेमतेम 20 मिमी व्यासाचं आणि 12 मिमी जाड आहे. ट्रेमध्ये 24 मिमी रुंद आणि 12 सेंमी लांब अशी एक गल्ली केली, त्यात दहा बॉबिन चाकांसारखी ओळीनं उभी राहतात. (ट्रेची खोली 24 ठेवली ती यांच्यासाठीच.) टोकं आवरायला ठिबकची नळी वापरते. शेतात जुनी 16 एमएमची लॅटरल पडलेली असते ना, तिची 8 मिमी रुंदीची चकती कापायची, चकतीला एका जागी छेद द्यायचा. ती उघडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती बसवली की आपोआप आवळून बसते, दोन्ही कडांच्या मधे. बॉबिन काठोकाठ भरायचं नाही, नाहीतर चकती बाहेर येते. चकत्या कापायच्या आधी नळी आतून धुऊन वाळवा. क्षार आणि माती निघते बरीच. हे मी पांढऱ्या दोऱ्यावर शिकले.

सुया: गंज आणि नंबर

श्रावण-भादव्यात सुया काळ्या पडतात. बऱ्याचदा कारण सुईची उशी असते. आत फोम किंवा कापूस कोंबलेला असला तर तो ओल धरून ठेवतो. मी उशी काढून टाकली आणि घोंगडीच्या दोन पानांचं छोटं पुस्तक केलं. लोकरीत मेंढीची नैसर्गिक चिकणाई थोडी उरलेली असते, सुई तिच्यातून सुळकन जाते आणि गंजही कमी धरते. हातमागाची, न धुतलेली घोंगडी घ्या. दुकानातली 'वुलन' म्हणून मिळणारी पुष्कळदा लोकर नसतेच. एक धागा जाळून बघा: लोकर केसासारखी वास मारते आणि राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो.

नंबरांचा घोळ वेगळाच. मशीनच्या सुईत नंबर वाढला की सुई जाड होते: 11 बारीक, 14 नेहमीची, 16 आणि 18 जाड कापडाची. हातसुईत उलटं, नंबर वाढला की सुई बारीक. त्यामुळं दोन्ही एका पानावर ठेवल्या की नवशिकी हमखास फसते. मी एका पानावर मशीनच्या, दुसऱ्यावर हाताच्या ठेवते, आणि मशीनच्या पानावर लाल दोऱ्यानं 11, 14, 16 हे आकडेच भरून टाकलेत. मोडक्या सुयांची टोकं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, झाकण लावून.

लोहचुंबकाबद्दल विचाराल. टाचण्या सांडल्या की गोळा करायला उत्तम, पण डब्याच्या तळाला कायमचं बसवू नका. कात्री त्याला लागून राहिली की तीच चुंबक होते आणि मग कापताना टाचण्या तिच्या पात्याला लोंबकळतात. पितळी सेफ्टी पिना तर चुंबकाला जुमानत नाहीत.

एवढं करूनही विस्कटत असेल तर

तर मग कप्प्यांची वाटणी चुकली आहे. आपण सगळ्या सुया एकीकडं, सगळे दोरे एकीकडं, सगळे हुक एकीकडं अशी वाटणी करतो. पण हुक लावायला बसलं की सुई, काळा-पांढरा दोरा, हुक आणि छोटा कटर, चारही एकदम लागतात. चार कप्प्यांतून काढलेलं चार कप्प्यांत परत जात नाही. घाईत एकातच कोंबलं जातं. मी आठवडाभर कोणती वस्तू कितीदा काढली ते झाकणावर खडूनं रेघा मारून ठेवलं. सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार) आणि टाचण्यांपुढं रेघा मावेनात. चेनपुढं एक. त्यावरून ट्रेचा उजवा कोपरा फक्त हुकांच्या कामाचा केला.

आणि एक कप्पा रिकामा ठेवायचा. अगदी रिकामा. शिवताना अंगावर, मांडीवर, मशीनच्या पाटावर जे सुटं उरतं ते त्यात. नसला तर तो माल ज्या कप्प्यात टाकता तोच पहिला बिघडतो. माझा शनिवारपर्यंत भरतो, मग एकदाच वाटून टाकते.

डब्यात काय घालायचं नाही हेही सांगते: मोठी कात्री (25 सेंमीची, ती मावायचीच नाही), मशीनच्या तेलाची कुपी आणि उघडा खडू. तेल एकदा सांडलं की चौदा रिळं गेली. खडूचा भुगा काळ्या दोऱ्यावर बसतो.

मण्यांचं मात्र या डब्यात जमलं नाही. वर्गात जवळच्या तांड्यावरची एक जण येते. तिच्या भरतकामाला आरसे, कवड्या आणि मोहरीएवढे मणी लागतात. झाकण घट्ट बसलं, पण मणी वरून जात नव्हते, भिंतीच्या खालून सरकत होते, तळाशी केसाएवढी फट राहतेच. शेवटी तिनंच तोड काढली. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, एकेकीत एकेक रंग भरला आणि रिळांच्या रांगेत आडव्या खेटून लावल्या. आता तिच्या डब्यात रिळं आठ आणि बाटल्या सहा.